नेटवर्क स्लो की सर्व्हर? पॅकेट कॅप्चरवरून वेळेचा हिशेब कसा मांडायचा

‘नेटवर्क स्लो आहे’ अशी तक्रार आली की नेटवर्कवाले लिंकचा आलेख पुढे करतात, सर्व्हरवाले सीपीयूचा. दोन्हीकडे सगळं हिरवं. तरी वापरणाऱ्याच्या स्क्रीनवरचं चाक फिरतंच आहे. आलेख खोटं बोलत नसतात, पण ते सहसा मिनिटांची सरासरी दाखवतात आणि एखाद्याचा अडकलेला दीड सेकंद त्या सरासरीत कुठल्या कुठे विरून जातो. तो दीड सेकंद कुणी खाल्ला हे शोधायचं तर प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) किती वाजता गेलं आणि किती वाजता आलं, याची नोंद, म्हणजे पॅकेट कॅप्चर, हातात हवी.

ही नोंद घेणारी दोन साधनं नेहमीची: टीसीपीडंप १९८८ पासून आहे, वायरशार्क १९९८ पासून (तेव्हा त्याचं नाव इथरिअल होतं, २००६ मध्ये बदललं). बहुतेक जण ही साधनं ‘आत काय चाललंय’ ते बघायला उघडतात, स्क्रीनवर धावणाऱ्या रंगीत ओळी पाहतात आणि बंद करतात. इथे आपण ती मोजमापासाठी वापरणार आहोत. गेलेला प्रत्येक मिलिसेकंद तीनपैकी कुणाच्या तरी नावावर टाकायचा: नेटवर्क, सर्व्हर किंवा क्लायंट.

लेखातले आदेश आणि फिल्टर उच्चाराप्रमाणे दिले आहेत, सहकाऱ्याला फोनवर सांगतो तसे. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करा.

आधी प्रश्न, मग कॅप्चर

‘थोडं कॅप्चर करून बघू’ म्हणून सुरुवात केली की चार जीबीची फाइल हातात येते आणि तिचं काय करायचं ते कळत नाही. त्याआधी एका ओळीत प्रश्न लिहून काढा. कुठल्या मशीनवरून, कुठल्या सर्व्हरकडे, कुठली कृती केल्यावर, किती वेळ लागतो आणि किती लागायला हवा? ‘अ‍ॅप हळू चालतं’ हा प्रश्न नव्हे. ‘अहवाल उघडायला दीड सेकंद लागतो, आधी अर्धा लागायचा’ हा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर सेकंदांत देता येतं.

जमलं तर सगळं ठीक चाललेलं असतानाचंही एक कॅप्चर साठवून ठेवा. आरटीटी (पॅकेट जाऊन त्याचं उत्तर परत यायला लागणारा वेळ) ३८ मिलिसेकंद चांगला की वाईट हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही. गेल्या महिन्यात तो १२ होता हे माहीत असलं तर ठरतं. असं जुनं कॅप्चर फार थोड्या ठिकाणी सापडतं, आणि गरज नेमकी तेव्हा पडते जेव्हा ते घेण्याची वेळ निघून गेलेली असते.

कुठे उभं राहून मोजायचं

मोजमापातल्या निम्म्या चुका इथे होतात. कॅप्चर ज्या जागी घेता त्या जागेचंच घड्याळ तुम्हाला दिसतं. टीसीपी कनेक्शन तीन पॅकेटांनी जोडलं जातं: क्लायंटचं सिन, सर्व्हरचं सिन-अ‍ॅक आणि क्लायंटचा अ‍ॅक, म्हणजे पोच (या तिन्हीला मिळून हँडशेक म्हणतात). क्लायंटवर घेतलं तर सिन गेल्यापासून सिन-अ‍ॅक येईपर्यंतचा वेळ म्हणजे पूर्ण आरटीटी. सर्व्हरवर घेतलं तर हाच वेळ जवळजवळ शून्य दिसेल, कारण तो फक्त सर्व्हरच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) उत्तर द्यायला घेतलेला वेळ आहे. तिथे आरटीटी मिळतो सिन-अ‍ॅक गेल्यापासून क्लायंटचा अ‍ॅक येईपर्यंत. मधल्या एखाद्या स्विचवर घेतलं तर दोन्ही तुकडे वेगवेगळे दिसतात आणि त्यांची बेरीज म्हणजे आरटीटी. हा मधला प्रकार मला सर्वात आवडतो, कारण उशीर आपल्या कुठल्या बाजूला आहे हे पहिल्या तीन पॅकेटांतच कळतं.

एकच जागा निवडायची असेल तर तक्रार करणाऱ्याच्या बाजूने सुरुवात करा. त्याला जो उशीर जाणवतो तो तिथे पूर्ण दिसतो. मशीनवर काही चालवू देत नसतील तर स्विचवर मिरर पोर्ट (वाहतुकीची प्रत बाहेर देणारा पोर्ट) लावता येतो, पण त्याची एक मेख आहे. १ गिगाबिटची लिंक फुल डुप्लेक्स असते, म्हणजे दोन्ही दिशा मिळून २ गिगाबिटपर्यंत वाहतूक. मिरर पोर्ट मात्र १ गिगाबिटच बाहेर टाकू शकतो. लिंक भरलेली असताना स्विच मिररची पॅकेटं गुपचूप टाकून देतो आणि फाइलमध्ये ती ‘हरवलेली’ दिसतात. ज्या घाईच्या वेळी मोजायचं असतं, त्याच वेळी हे होतं. टॅप (तारेच्या मध्ये बसून वाहतुकीची प्रत देणारं उपकरण) मिळत असेल तर टॅप लावा.

परवानगीचंही इथेच उरकून घ्या. कॅप्चरमध्ये इतरांची वाहतूक येते, कधी पासवर्डही येतात. नेटवर्क ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मशीनला हात लावू नका.

कॅप्चर घेताना

कमांड लाइनवर टीसीपीडंप पुरेसं आहे. वायरशार्कच्या खिडकीतून जड वाहतूक थेट पकडू नका. ते एकीकडे पकडतं, दुसरीकडे प्रत्येक पॅकेट सोलून दाखवतं आणि तेवढ्यात मागे पडतं. पकडायचं टीसीपीडंपने किंवा वायरशार्कसोबतच येणाऱ्या डंपकॅपने, आणि बघायचं नंतर निवांत.

नेहमीचा आदेश असा: टीसीपीडंप, मायनस एन, मायनस आय ईटीएच०, मायनस एस १२८, मायनस कॅपिटल बी १६३८४, मायनस डब्ल्यू आणि फाइलचं नाव, शेवटी फिल्टर म्हणून ‘होस्ट’ आणि सर्व्हरचा आयपी, पुढे ‘ऑर पोर्ट ५३ ऑर आयसीएमपी’.

मायनस एन म्हणजे आयपीची नावं शोधत बसू नकोस. ते सवयीने लावा, नाहीतर लाइव्ह बघताना साधनाच्या स्वतःच्याच डीएनएस (नावं आणि आयपी जुळवणारी सेवा) क्वेरी कॅप्चरमध्ये घुसतात. मायनस एस १२८ म्हणजे प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइट्सच ठेव. वेळ आणि थ्रूपुट (दर सेकंदाला जाणारा डेटा) मोजायला हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची पत्ते-क्रमांकांची माहिती, पुरतं, मूळ लांबी वेगळी नोंदलेली असतेच, त्यामुळे बेरजा चुकत नाहीत. फाइल लहान होते, डिस्कवरचा ताण उतरतो आणि खासगी मजकूरही बराचसा गळून जातो. डीएनएस किंवा साध्या एचटीटीपीच्या आत डोकावायचं असेल तेव्हाच पूर्ण पॅकेट घ्या. कॅपिटल बी हा कर्नलमधला बफर, किलोबाइटमध्ये. ठरलेला बफर लहान असतो, गर्दीत भरतो.

फिल्टर फार आवळू नका. पोर्ट ४४३ एवढंच पकडलं तर कनेक्शनच्या आधीची डीएनएसची गडबड आणि मधल्या राउटरने पाठवलेले आयसीएमपी (अडचण कळवणारे) संदेश दोन्ही हातचे जातात. आधी थोडं सैल पकडा, गाळणी नंतर लावता येते.

तक्रार ‘कधीतरी’ होणारी असेल तर रिंग बफर लावा. टीसीपीडंपमध्ये कॅपिटल सी १०० आणि कॅपिटल डब्ल्यू २० दिलं की साधारण १०० एमबीच्या २० फाइली फिरत राहतात, सर्वात जुनी पुसून नवी लिहिली जाते. डिस्क भरत नाही. वापरणाऱ्याला एवढंच सांगून ठेवा की घडलं की लगेच वेळ लिहून कळव.

कंट्रोल-सी दाबून थांबवल्यावर टीसीपीडंप तीन आकडे छापतं. तिसरा ‘ड्रॉप्ड बाय कर्नल’. तो शून्य नसेल तर त्या फाइलवरून पॅकेट लॉसबद्दल एक अवाक्षर काढायचं नाही. ती पॅकेटं नेटवर्कने हरवली नाहीत, तुमच्या साधनाने हरवली. बफर वाढवा, स्नॅपलेन (मायनस एसचा आकडा) कमी करा आणि पुन्हा पकडा.

आणखी एक फसवी जागा म्हणजे ऑफलोड, म्हणजे पॅकेटांचं काही काम कर्नलने नेटवर्क कार्डावर सोपवणं. सर्व्हरवरच्या कॅप्चरमध्ये २० हजार, कधी ६० हजार बाइट्सची पॅकेटं दिसली तर दचकू नका. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५००च आहे. कर्नल मोठा गठ्ठा नेटवर्क कार्डाकडे देतो, त्याचे तुकडे कार्ड करतं आणि टीसीपीडंप गठ्ठ्याच्या टप्प्यावर बसलेलं असतं. येणाऱ्या बाजूलाही कर्नल तुकडे जोडून मोठं पॅकेट दाखवतो. जाणाऱ्या पॅकेटांवर चेकसम चुकीचा दिसतो तोही याच कारणाने, कारण तो कार्ड नंतर भरतं. नुसतं थ्रूपुट बघायचं असेल तर याकडे काणाडोळा चालतो. पॅकेटांमधलं अंतर मोजायचं असेल तर ईथटूल या साधनाने टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ हे ऑफलोडचे प्रकार तात्पुरते बंद करा, पण चालत्या उत्पादन सर्व्हरवर विचारून, कारण सीपीयूवरचा भार वाढतो. त्यापेक्षा बाहेर टॅपवर पकडणं केव्हाही स्वच्छ.

फाइल उघडल्यावर आधी तिचीच तपासणी

वायरशार्कसोबतच येणारं कॅपइन्फोज चालवून फाइल किती वेळाची आहे, किती पॅकेटं आहेत, सरासरी वेग काय ते पाहा. मग वायरशार्कमध्ये ‘टीसीपी डॉट अ‍ॅनालिसिस डॉट अ‍ॅक अंडरस्कोर लॉस्ट अंडरस्कोर सेगमेंट’ हा फिल्टर टाका. याचा अर्थ समोरच्याने अशा डेटाची पोच दिली आहे जो आपल्या फाइलमध्येच नाही. पोच आली म्हणजे डेटा पोचला होता. तो आपल्याला पकडता आला नाही, इतकंच. अशा ओळी भरपूर निघाल्या तर कॅप्चर गळकं आहे, पुढचं विश्लेषण थांबवा.

दुसरं म्हणजे ज्या कनेक्शनबद्दल बोलायचं आहे त्याचं सिन फाइलमध्ये आहे ना, हे बघा. विंडो म्हणजे घेणारा एका वेळी किती डेटा घ्यायला तयार आहे तो आकडा, आणि विंडो स्केल हा त्याचा गुणक. तो फक्त सुरुवातीच्या सिन आणि सिन-अ‍ॅकमध्ये असतो. ते हुकले तर वायरशार्कला विंडोची खरी लांबी कळत नाही, स्केलिंग फॅक्टरपुढे उणे १ दिसतो आणि धडधाकट कनेक्शनची विंडो चिमुकली वाटायला लागते. म्हणून कॅप्चर आधी सुरू करायचं आणि अ‍ॅप नंतर उघडायचं.

एका कनेक्शनचा हिशेब

आता प्रत्यक्ष मोजू. समजा क्लायंटवर पकडलेलं साधं एचटीटीपी कनेक्शन आहे, २१० किलोबाइटचा अहवाल उतरवलेला. त्या पॅकेटवर राइट-क्लिक करून ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’ केलं की तेवढंच कनेक्शन उरतं. वेळेचा स्तंभ ‘सेकंड्स सिन्स फर्स्ट कॅप्चर्ड पॅकेट’ वर ठेवा आणि सिनवर कंट्रोल-टी दाबून तिथे शून्य धरा. मग महत्त्वाच्या ओळी अशा दिसतील:

०.००००  क्लायंट → सर्व्हर  सिन
०.०३८२  सर्व्हर → क्लायंट  सिन-अ‍ॅक
०.०३८३  क्लायंट → सर्व्हर  अ‍ॅक
०.०३९०  क्लायंट → सर्व्हर  विनंती
०.०७७५  सर्व्हर → क्लायंट  नुसता अ‍ॅक
१.२१४०  सर्व्हर → क्लायंट  उत्तराचं पहिलं पॅकेट
१.३३०२  सर्व्हर → क्लायंट  डेटा, त्यानंतर शांतता
१.५७१२  सर्व्हर → क्लायंट  रीट्रान्समिशन (तेच पॅकेट पुन्हा)
१.६५००  सर्व्हर → क्लायंट  शेवटचं पॅकेट

पहिल्या दोन ओळींतून आरटीटी ३८.२ मिलिसेकंद. हँडशेकवरून काढलेला आरटीटी भरवशाचा असतो, कारण सिनला उत्तर कर्नल देतो, अ‍ॅप्लिकेशनला जागं करावं लागत नाही. वायरशार्क हाच आकडा ‘आय-आरटीटी’ म्हणून प्रत्येक पॅकेटखाली दाखवतं. मध्ये प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर असेल तर मात्र सिन-अ‍ॅक त्याचा असतो आणि हा आरटीटी त्याच्यापर्यंतचाच. टीटीएल (दर राउटरपाशी एकने कमी होणारा आकडा) बघा, थोडा अंदाज येतो. पाठवणारे सहसा ६४, १२८ किंवा २५५ वरून सुरू करतात. बारा टप्पे दूरच्या सर्व्हरकडून ६३ आलेला दिसला तर उत्तर शेजारच्याच कुणीतरी दिलेलं आहे.

विनंती गेली ०.०३९० ला, तिची पोच आली ०.०७७५ ला. म्हणजे विनंती एका आरटीटीत व्यवस्थित पोचली. नेटवर्कचं काम तिथे संपलं. पुढे १.२१४० पर्यंत काहीच नाही. हा १.१३६५ सेकंद सर्व्हरचा. विनंती त्याच्या हातात होती आणि तो विचार करत होता. कधी सर्व्हर इतक्या लवकर उत्तर देतो की पोच उत्तरासोबतच येते, वेगळा अ‍ॅक दिसत नाही. तेव्हा विनंतीपासून पहिल्या उत्तरापर्यंतच्या वेळातून आरटीटी वजा करा. इथे तसं करून बघितलं तर १.१७५० वजा ०.०३८२, म्हणजे १.१३६८. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी येतात.

आता डेटा. टीसीपी एकदम सुसाट सुटत नाही. २०१३ च्या आरएफसी ६९२८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) पासून सुरुवातीची कंजेशन विंडो (गर्दी टाळायला पाठवणाऱ्याने स्वतःवर घातलेली मर्यादा) साधारण १० सेगमेंट, म्हणजे टीसीपीचे तुकडे, धरतात, म्हणजे १४६० बाइट्सच्या हिशेबाने १४.६ किलोबाइट. नंतर प्रत्येक आरटीटीला दुप्पट. एकूण पोचलेला डेटा १४.६, ४३.८, १०२.२, २१९ असा वाढतो. म्हणजे २१० किलोबाइटला चार फेऱ्या, पहिल्या पॅकेटपासून पुढे तीन आरटीटी, ११५ मिलिसेकंदांच्या आसपास. १.२१४० पासून १.३३०२ म्हणजे ११६. बरोबर जमतं. अहवाल इथे संपायला हवा होता.

पण शेवटची काही पॅकेटं हरवली. मधलं पॅकेट हरवलं असतं तर मागून येणाऱ्यांनी डुप्लिकेट (त्याच जागेचे पुन्हा पुन्हा) अ‍ॅक काढले असते, तीन आले की पाठवणारा लगेच पुन्हा पाठवतो. शेपटाकडचं हरवलं तर मागून येणारं कुणी नसतं, म्हणून तो टायमर संपेपर्यंत गप्प बसतो. लिनक्सवर हा टायमर आरटीटी अधिक किमान २०० मिलिसेकंदांच्या घरात असतो. इथली २४१ मिलिसेकंदांची शांतता तीच. नंतर विंडो एकावर आलेली, म्हणून उरलेली पॅकेटं एक, दोन, चार अशी हळूहळू आली. (अलीकडच्या लिनक्समध्ये टेल लॉस प्रोब (शेपटाचा लॉस लवकर पकडणारी सोय) असल्याने ही पोकळी बऱ्याचदा छोटी होते. जुन्या उपकरणांत ती अशीच भरघोस दिसते.)

हिशेब असा: कनेक्शन जोडायला ३८ मिलिसेकंद, क्लायंट १ पेक्षा कमी, विनंती पोचायला ३९, सर्व्हर ११३६, डेटा वाहायला ११६, लॉसमुळे ३२०. एकूण १६५०. नेटवर्कवर आरोप होता. नेटवर्कची चूक निघाली, पण ३२० मिलिसेकंदांची. सर्व्हरकडचा वेळ त्याच्या साडेतीनपट. बैठकीत हे सहा आकडे ठेवले की वाद बराच लवकर आटोपतो.

ओळखीच्या शांतता

कॅप्चरमध्ये पोकळी सापडली की तिची लांबी मोजा. खऱ्या गर्दीमुळे होणारा उशीर वेडावाकडा असतो, कधी ५३ मिलिसेकंद, कधी ९१. पोकळ्या दर वेळी त्याच लांबीच्या येत असतील तर कुठला तरी टायमर वाजतो आहे.

४० मिलिसेकंद: लिनक्सचा डिलेड अ‍ॅक. पाठवणारा नेगलच्या नियमाने (१९८४, आरएफसी ८९६) अडलेला असतो, आधीच्या तुकड्याची पोच आल्याशिवाय छोटा तुकडा पाठवत नाही. घेणारा पोच द्यायला थांबलेला असतो, सोबत डेटा जाईल या आशेने. दोघं एकमेकांची वाट बघतात. हेडर एका राइटमध्ये आणि मजकूर दुसऱ्या राइटमध्ये पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये हे हमखास होतं. उपाय नेटवर्कमध्ये नाही, कोडमध्ये आहे. दोन्ही राइट एकत्र करा किंवा टीसीपी नो-डिले (नेगलचा नियम बंद करणारा पर्याय) लावा.

२०० मिलिसेकंदांच्या पोकळीला दोन धनी. विंडोजचा डिलेड अ‍ॅक बराच काळ २०० चा होता, आणि लिनक्सचा रीट्रान्समिशन टायमर २०० च्या वर सुरू होतो. भेद करणं सोपं. पोकळी संपवणारं पॅकेट घेणाऱ्याचा नुसता अ‍ॅक असेल तर पहिलं कारण, पाठवणाऱ्याचं रीट्रान्समिशन असेल तर दुसरं. पहिल्यात काहीच हरवलेलं नसतं.

१ सेकंद, मग ३, मग ७ (पहिल्या सिनपासून मोजता): सिनला उत्तर येत नाही आणि क्लायंट पुन्हा पुन्हा पाठवतो आहे. २०११ च्या आरएफसी ६२९८ ने पहिला टायमर १ सेकंदावर आणला, त्याआधी ३ होता. म्हणजे ‘कधीकधी साइट उघडायला बरोबर एक सेकंद जास्त लागतो’ अशी तक्रार आली तर सर्व्हरची बॅकलॉग (स्वीकारायच्या बाकी कनेक्शनांची) रांग किंवा मधली फायरवॉल तपासा. फिल्टर साधा आहे: सिन फ्लॅग १, अ‍ॅक फ्लॅग ०, आणि त्यावर रीट्रान्समिशन.

५ सेकंद: लिनक्सच्या ग्लिबसी रिझॉल्व्हरचा (डीएनएसला नाव विचारणाऱ्या भागाचा) ठरलेला टाइमआउट. पहिल्या डीएनएस सर्व्हरने उत्तर दिलं नाही, पाच सेकंदांनी पुढचा प्रयत्न झाला. कनेक्शनचं कॅप्चर बघाल तर ते एकदम झकास दिसेल, कारण उशीर सिनच्या आधीच होऊन गेला. फिल्टर सैल ठेवायला सांगितलं ते यासाठी. ‘डीएनएस डॉट टाइम’ मोठा असलेली उत्तरं शोधा, आणि उत्तरच न आलेल्या क्वेरी वेगळ्या.

थ्रूपुट: पाइप मोठा, पाणी थोडं

कमाल किती मिळू शकतं ते आधी माहीत हवं. १ गिगाबिट इथरनेटवर १५०० च्या पॅकेटमागे तारेवर १५३८ बाइट्सची जागा जाते (हेडर, एफसीएस, प्रीअ‍ॅम्बल आणि मधली मोकळी जागा धरून). त्यातले डेटाचे १४६०, टाइमस्टँप ऑप्शन चालू असेल तर १४४८. म्हणून एका कनेक्शनवर साधारण ९४१ मेगाबिट दिसले तर लिंक पूर्ण भरलेली आहे. उरलेले ५९ शोधत बसू नका.

दूरच्या लिंकवर मात्र आरटीटी आणि विंडो ठरवतात. १०० मेगाबिट आणि ८० मिलिसेकंद, गुणाकार १० लाख बाइट्स. एवढा डेटा सतत वाटेत असेल तरच पाइप भरतो. विंडो स्केलिंग नसेल तर विंडो ६५,५३५ च्या वर जात नाही, आणि ६५,५३५ भागिले ०.०८ म्हणजे साडेसहा मेगाबिट. लिंक कितीही मोठी घ्या, आकडा तोच राहतो. मधलं एखादं जुनं उपकरण स्केलचा ऑप्शन खोडून टाकत असेल तर असं होतं. दोन्ही टोकांचे सिन शेजारी ठेवले की लगेच सापडतं.

नेमकं काय अडवतं आहे हे पाहायला पाठवणाऱ्याच्या बाजूचं कॅप्चर घ्या. वाटेत असलेले बाइट्स, म्हणजे वायरशार्कचं ‘बाइट्स इन फ्लाइट’, तिथूनच खरं कळतं. ‘स्टॅटिस्टिक्स’ मेनूत ‘टीसीपी स्ट्रीम ग्राफ्स’ आणि त्यात टीसीपीट्रेस उघडा. एक रेघ पोच मिळालेल्या डेटाची, एक घेणाऱ्याच्या विंडोच्या कडेची, आणि मध्ये पाठवलेल्या सेगमेंटच्या उभ्या खुणा. खुणा वरच्या रेघेला जाऊन थडकत असतील तर घेणारा अडवतो आहे. त्याचं अ‍ॅप डेटा उचलत नसेल तर ‘झिरो विंडो’ही दिसेल. खुणा वरच्या रेघेपासून दूर राहतात, मध्येच लॉस होतो आणि चढ मंदावतो, तर कंजेशन विंडो, म्हणजे वाटेतला लॉस. आणि लॉस नाही, विंडो मोकळी आहे, तरी खुणांमध्ये आडव्या पायऱ्या पडल्या असतील तर पाठवणाऱ्याकडे त्या क्षणी पाठवायला डेटाच नव्हता. डिस्क, डेटाबेस किंवा लहान सेंड बफर तपासा. माझ्या मते वायरशार्कमध्ये शिकण्यासारखा एकच आलेख असेल तर तो हा. दिसायला रुक्ष आहे, म्हणून लोक त्यापर्यंत पोचत नाहीत.

लॉस कुठे होतो

रीट्रान्समिशनची टक्केवारी काढणं सोपं आहे, जागा शोधण्यात खरी कसोटी. मूळ पॅकेट आणि त्याची पुनरावृत्ती दोन्ही तुमच्या कॅप्चरमध्ये दिसत असतील तर ते तुमच्या जागेपर्यंत सुखरूप आलं होतं, पुढे हरवलं. फक्त क्रमांकांतली पोकळी आणि नंतर उशिरा भरलेली जागा दिसत असेल तर ते तुमच्या आधीच हरवलं. कॅप्चरची जागा एकेक टप्पा सरकवत नेली की दोषी लिंक दोन्ही बाजूंनी घेरली जाते.

‘रीट्रान्समिशन’ आणि ‘आउट ऑफ ऑर्डर’ ही लेबलं वायरशार्क वेळेवरून अंदाजाने लावतं, त्यांवर डोळे झाकून जाऊ नका. शंका आली तर आयपी हेडरमधला आयडेंटिफिकेशन आकडा बघा. पाठवणारा तो ओळीने वाढवत असेल तर रस्ता चुकून मागे पडलेल्या पॅकेटचा आकडा शेजाऱ्यांच्या मधला असतो, नव्याने पाठवलेल्याचा पुढचा.

लिंक सरासरी ३० टक्के भरलेली आणि तरी पॅकेटं पडतात, असं असेल तर आयओ ग्राफचा (वायरशार्कच्या वेळेनुसार वाहतूक दाखवणाऱ्या आलेखाचा) इंटरव्हल १ सेकंदावरून १ मिलिसेकंदावर आणा. सपाट दिसणारी रेघ सुळक्यांत फुटते. काही मिलिसेकंद लिंक पूर्ण भरते, स्विचचा बफर ओसंडतो, आणि बाकीचा सेकंद रिकामा. मिनिटांच्या आलेखात हे कधीच येणार नाही.

वाय-फायचं वेगळं. साध्या कॅप्चरमध्ये रेडिओवरचे पुनःप्रयत्न दिसत नाहीत, फक्त आरटीटी उड्या मारतो. मॉनिटर मोडमध्ये (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकत) पकडून फ्रेममधला रीट्राय बिट मोजावा लागतो.

आवाज, व्हिडिओ आणि एन्क्रिप्शन

आरटीपीसाठी (आवाज-व्हिडिओ वाहणाऱ्या प्रोटोकॉलसाठी) ‘टेलिफोनी’ मेनूत स्ट्रीमची यादी मिळते, लॉस आणि जिटरसह (जिटर म्हणजे पॅकेटं येण्याच्या अंतरातली चढउतार). तिथला जिटर आरएफसी ३५५० च्या सूत्राने घोटलेला असतो, प्रत्येक नवा फरक सोळाव्या हिश्शानेच मोजला जातो. एखादा मोठा झटका त्यात दबतो, म्हणून कमाल डेल्टाही (दोन पॅकेटांमधलं अंतर) बघा.

टीएलएसमुळे (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनमुळे) मजकूर दिसत नाही, पण टीसीपी दिसतं. वरचा जवळपास सगळा हिशेब तसाच चालतो, फक्त हँडशेकच्या फेऱ्या वेगळ्या मांडाव्या लागतात. क्विकमध्ये (टीसीपीऐवजी वापरल्या जाणाऱ्या नव्या प्रोटोकॉलमध्ये) मात्र पोचही झाकलेली असते. आरएफसी ९००० मधला स्पिन बिट चालू असेल तर त्याच्या उलटसुलट होण्यावरून आरटीटी काढता येतो, पण तो ऐच्छिक आहे. क्विकसाठी टोकाच्या अ‍ॅपचे लॉग मागून घेणं जास्त फायद्याचं.

दोन टोकांवर एकाच वेळी

जाताना किती, येताना किती, हे वेगळं मोजायचं तर दोन्हीकडे पकडावं लागतं आणि दोन्ही घड्याळं जुळलेली हवीत. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) मिलिसेकंदांच्या घरातली अचूकता मिळते. ३८ मिलिसेकंदांच्या रस्त्यावर ती चालते, एकाच खोलीतल्या दोन मशीनमध्ये नाही, तिथे त्याहून अचूक पीटीपी लागतो. घड्याळं सरकलेली असतील तर वायरशार्कसोबतच्या एडिटकॅपच्या मायनस टीने एक फाइल तेवढी सरकवा आणि मर्जकॅपने जोडा. सिन सर्व्हरकडे निघण्याआधीच पोचलेलं दिसत असेल तर अजून सरकवायचं बाकी आहे. मधलं उपकरण सीक्वेन्स नंबर बदलत असेल तर तीच पॅकेटं जुळवताना मजकुरावरून ओळखावी लागतात.

हेच रोज करायचं असेल तर

शंभर कनेक्शनांचा हिशेब माउसने होत नाही. टीशार्कला (वायरशार्कच्या कमांड लाइन रूपाला) फाइल द्या, मायनस कॅपिटल टी फील्ड्स सांगा आणि मायनस ई ने हवे ते स्तंभ मागा: स्ट्रीमचा क्रमांक, आय-आरटीटी, एचटीटीपी डॉट टाइम, डीएनएस डॉट टाइम. ते स्प्रेडशीटमध्ये टाकून मध्यक आणि ९५ वा पर्सेंटाइल काढा. सरासरी काढू नका. शंभरातल्या ९८ विनंत्या २० मिलिसेकंदांत आणि दोन पाच सेकंदांत गेल्या तर सरासरी येते १२० च्या आसपास, आणि १२० मिलिसेकंद प्रत्यक्षात कुणीच अनुभवलेले नसतात. इथे ९५ वा पर्सेंटाइलही २०च दाखवेल, म्हणून शेजारी कमाल आकडाही लिहा.

फाइल दुसऱ्या टीमला पाठवताना एडिटकॅपच्या कॅपिटल ए आणि कॅपिटल बी ने तक्रारीच्या आसपासचा अर्धा मिनिट कापून द्या, आणि हिशेबातल्या ओळींचे पॅकेट क्रमांक त्या कापलेल्या फाइलमधून घ्या, कारण कापल्यावर क्रमांक बदलतात.